मंत्रिमहोदय, आमचा पहिला आणि तिसरा बुधवार कधी उजाडणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : खान्देशातल्या किडनीच्या रुग्णांना किडनीतज्ज्ञ डॉक्टर मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा, अडीच एकराचा केळी उत्पादक शेतकरी. वय 44. दोन्ही किडन्या निकामी. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा सरकारी दवाखान्यात डायलिसिसला जातो. तिथे पैसे लागत नाहीत, त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. ते मशीन नसतं तर आज हे पत्र लिहायला मी नसतो. आपण व्यस्त असता याची जाणीव आहे, तरी हे पत्र आपण स्वतः शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

मे महिन्यात आमच्या सेंटरचा आरओ प्लांट बंद पडला. एका रुग्णाच्या एका डायलिसिसला साधारण सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, ते हा प्लांट तयार करतो. यंत्र आहे, बिघडणारच. माझ्या विहिरीवरची मोटारही जळते. पण मोटार जळाली की मी त्याच दिवशी वायंडिंगवाल्याकडे पळतो, कारण उन्हाळ्यात चार दिवस पाणी नाही मिळालं तर बाग बसते. इथे दारावर कागद लागला, 'तांत्रिक कारणास्तव बंद', आणि सहा दिवस झाले तरी तो कागद तसाच. सिस्टर बिचाऱ्या म्हणायच्या, वरून काही कळत नाही. दुसरीकडे कुठे जागा आहे का, कोणाला फोन करायचा, कोणी सांगेना. माझ्या शेजारच्या मशीनवर असायचे ते नाना दारातल्या पायरीवर बसून मला म्हणाले, "आते कथा जावानं, भाऊ?" म्हणजे आता कुठे जायचं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सहा दिवस म्हणजे काय, ते सांगतो. आम्हाला लघवी होत नाही. प्यायलेला घोट शरीरातच राहतो. आधी पाय सुजतात, मग पाणी छातीत चढतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडतं. पाचव्या रात्री मला आडवं पडता येईना. बसून, उशीला कवटाळून श्वास घेत होतो. चुलतभावाने पिकअप काढली, शहरातल्या खासगी दवाखान्यात नेलं. दोन दिवसांचं बिल 46 हजार झालं. बायकोची पोत गहाण पडली.

नानांच्या घरी गहाण टाकायला काही उरलं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मुलगा त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून निघाला होता, मागून सुनेने धरलं होतं. रस्त्यातच गेले. त्याच संध्याकाळी प्लांट सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांच्या मशीनवर नवीन माणूस होता. वेटिंग लिस्टवरचा.

पण फक्त आरओसाठी हे लिहीत नाही. आमच्या सेंटरच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलंय : 'मूत्रपिंडविकार तज्ज्ञ, पहिला व तिसरा बुधवार.' एका कार्यक्रमात व्यासपीठावरून तसा शब्द दिला गेला होता आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला 18 महिने झाले. म्हणजे 36 बुधवार. तज्ज्ञ आले एकदा. त्या दिवशी बाहेर इतकी गर्दी होती की मला चार मिनिटं मिळाली. त्यांनी फाइल चाळली, जुने कागद पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "पाच-सहा वर्षं आधी भेटायला हवं होतंत."

साहेब, हे वाक्य मी अजून पचवू शकलेलो नाही. पाच-सहा वर्षं आधी मी भेटणार कोणाला होतो?

आठ वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात माझा बीपी 170 निघाला. गोळ्यांची पाकिटं मिळाली, संपली, पुन्हा विचारायला कोणी आलं नाही आणि मीही गेलो नाही. ती माझी चूक, मान्य. केळीचे घड वाहून कंबर धरायची, मग मेडिकलवरून दुखण्याची गोळी घ्यायची. रोज एक, कापणीच्या दिवसांत दोन. या गोळ्या किडनीला मारतात, हे मला मशीनवर गेल्यावर कळलं. विकणाऱ्याने कधी सांगितलं नाही. पाय सुजायला लागले तेव्हा वाटलं, रात्रीची लाइट असते, पाण्यात उभं राहून सुजले असतील. मळमळ सुरू झाली, अॅसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. शेवटी एका डॉक्टरने क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ताची तपासणी, करायला लावलं. एकच्या आसपास हवं, ते निघालं 11.4. हिमोग्लोबिन 6.8. त्याच रात्री मानेत नळी घालून डायलिसिस. डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या रक्तवाहिन्या जोडून करतात तो फिश्चुला तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, तेवढी उसंतच नव्हती. ती नळी पिकली. मशीनवर पडल्यापडल्या अशी हुडहुडी भरायची की दोघे जण मला दाबून धरायचे.

क्रिएटिनिनची तपासणी दोनेकशे रुपयांत होते. लघवीत प्रोटीन जातंय का, हे पट्टी बुडवली की दोन मिनिटांत कळतं. बीपी आणि साखर ही किडनी जाण्याची सगळ्यात मोठी कारणं, हे नर्सिंगची पोरगीही सांगेल. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि साखर तपासायचा सरकारचा कार्यक्रमही आहे. मग ज्याचा बीपी वाढलेला निघतो, त्याची पट्टी तिथेच का बुडवत नाही? 2015 पासून शेताच्या मातीची आरोग्य पत्रिका मिळते. माझ्या गटाचं नत्र, स्फुरद, पालाश किती, ते सरकारी कागदावर छापून घरी आलंय. बागेवर करपा आला तर पान बघायला माणूस येतो. माझ्या रक्तातलं पालाश मात्र कोणी मोजलं नाही. पोटॅशियम म्हणजे पालाशच ना, साहेब?

आणि त्याच पालाशामुळे मला केळं वर्ज्य आहे. जन्म केळीत गेला, आज स्वतःच्या बागेतलं एक केळं तोंडात घालता येत नाही. धाकटी चार वर्षांची, तिला हे समजत नाही. सोललेलं केळं घेऊन येते आणि "पप्पा, एक घास" म्हणते. पाणी दिवसाला 700 मिली, गोळ्या गिळायला लागतं ते धरून. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत असेल, पारा 45च्या वर जातो. मी सकाळी बाटली भरतो, त्यावर पेनने रेघा मारतो आणि दुपारी तीनला बाटली संपते. मग बर्फाचा खडा. घरातले माझ्यासमोर पाणी प्यायचे बंद झालेत, ओट्यामागे जाऊन पितात. त्याचाही मला त्रास होतो, पण बोलत नाही.

आठवड्याला तीन डायलिसिस लागतात, मिळतात दोन. वर्षाच्या 104, तीन वर्षांत 312. प्रत्येक वेळी जाऊन-येऊन शंभरावर किलोमीटर. पहिली शिफ्ट सकाळी सहाला, त्या वेळेला पोहोचवणारी एसटी नाही. रक्त वाढायचं इंजेक्शन बाहेरून आणा म्हणतात, त्याचे आणि गोळ्यांचे मिळून महिन्याला चार हजार. मोफत म्हणजे एवढं. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की देशात दरवर्षी 2.2 लाख नव्या रुग्णांच्या किडन्या निकामी होतात आणि त्यामुळे 3.4 कोटी जादा डायलिसिस लागतात, म्हणून जिल्हा रुग्णालयांत केंद्रं काढू. केंद्रं निघाली. पण ते 2.2 लाख कमी कसे होतील, हे आमच्या गावापर्यंत कोणी सांगायला आलं नाही. मशीन आणलं की फीत कापता येते, फोटो येतो. लघवीच्या पट्टीला कोण फीत बांधणार?

किडनी बदलायचंही बघितलं. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्यासाठी पूर्वी अडीच लाख होते, 2023 मध्ये साडेचार लाख केले, चांगलं केलं. बायको द्यायला तयार आहे. पण तपासण्यांसाठी दोनशे किलोमीटरच्या पुढे नाशिक, नाहीतर मुंबई, एका फेरीत काम होत नाही, प्रत्येक फेरीला दोघांचा रोज बुडतो. नंतरच्या गोळ्या जन्मभर. आणि एक गोष्ट लिहितो, कोणाला आवडो न आवडो. आमच्या सेंटरवर आजारी पुरुषाची बायको किडनी द्यायला पुढे येते. चौथ्या मशीनवरच्या ताईला मात्र घरच्यांनी सांगितलं, माहेरी विचार. तिला हे समजावून सांगणारा, तिच्या नवऱ्याला समोर बसवून बोलणारा माणूस सरकारने कुठे नेमलाय?

मी तरी डांबरी रस्त्यावर राहतो. नंदुरबारकडे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि सिकलसेल किडनीही पोखरतो. तिथल्या माणसाने आठवड्यातून तीनदा डोंगर उतरायचा? तो उतरतच नाही. त्याच्या मरणाला कारण म्हणून 'ताप' नाहीतर 'अशक्तपणा' लिहिलं जातं आणि तो तुमच्या कुठल्याच आकड्यात येत नाही.

तज्ज्ञ मिळत नाहीत, हे उत्तर मला ठाऊक आहे. एमबीबीएस, एमडी आणि वर तीन वर्षांचं किडनीचं डीएम, एवढं शिकून कोण खान्देशात येईल, असं मला तोंडावर सांगितलंय. मग जिथे तज्ज्ञ आहेत तिथून व्हिडिओवर तरी फाइल बघा. आमच्या एमबीबीएस डॉक्टरांना शिकवा. 2012 साली हीच योजना 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात धुळे होतं, म्हणजे मनात आणलं तर तुम्हाला खान्देश दिसतो. मतं मागायला दिसतो. केळीचा ट्रक मुंबईत, दिल्लीत पोहोचतो आणि तिथला एक डॉक्टर महिन्यातून दोनदा इकडे पोहोचत नाही? तुमच्यापैकी कोणाच्या क्रिएटिनिनमध्ये नुसता पॉइंटचा फरक पडला तर त्याच संध्याकाळी कोण कोण धावत येतं, ते आम्ही टीव्हीवर बघतो. आम्ही कर भरत नाही असं समजू नका. त्या दुखण्याच्या गोळीवरही मी कर भरलाय.

मागतो ते एवढंच. बीपी किंवा साखर असलेल्या प्रत्येकाची लघवी आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा उपकेंद्रावर तपासा. आरओ बंद पडला तर 24 तासांत प्रत्येक रुग्णाला दुसरीकडे जागा द्या, आणि ती देणाऱ्याचा फोन नंबर दारावरच्या कागदावर लिहा. तिसरा डायलिसिस द्या. आणि भिंतीवर लिहिलेला माणूस पाठवा. माझ्यासाठी आता उशीर झालाय. पण माझ्या धाकट्या भावाचा बीपी गेल्या महिन्यात 160 निघाला, त्याला मी कुठे नेऊ?

दवाखान्याचं आणि माझं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. शुक्रवारी पहाटे मला त्याच मशीनवर झोपायचं आहे. आपल्या कार्यालयाने चौकशीला माणूस पाठवला तर पहिल्या नाहीतर तिसऱ्या बुधवारी पाठवा. आम्ही सगळे बाहेरच्या पायरीवर असतो.

आपला,
एक केळी उत्पादक, खान्देश