लिमातल्या सुर्कियो भागातल्या खाणावळवाल्या सेन्योरांना

सेन्योरा,

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. बाजारामागच्या त्या गल्लीत तुम्हाला सगळे 'सेन्यो' अशीच हाक मारतात, मीही मारली. पत्र मराठीत आहे, कारण माझं स्पॅनिश भाजी घेण्यापुरतं. तुमच्या पुतणीच्या फोनवर याचं जे काय होईल ते होवो.

नोकरीच्या निमित्ताने मी पेरूत, लिमात राहत होते, तेव्हा दुपारी एक वाजला की पाय आपोआप कुठल्यातरी खाणावळीकडे वळायचे. सूप, मुख्य पदार्थ आणि चिचा मोरादाचा, म्हणजे जांभळ्या मक्याच्या सरबताचा पेला. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, मला आवडायचं, आम्ही रत्नागिरीची माणसं, मासा कुठल्याही रूपात चालतो. पण खरा जीव होता तो पापा आ ला वांकाइनावर. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यांवर आही आमारियो मिरची, ताजं चीज आणि डब्यातलं आटीव दूध वाटून केलेला पिवळाधमक दाट रस, बाजूला अंडं आणि काळं ऑलिव्ह. बटाट्याच्या 4000 हून जास्त जाती जपणाऱ्या अँडीजच्या लोकांनी बटाट्याचा असाच मान ठेवायला हवा.

मग पुण्याला परतले आणि आजारी पडले. कुणी आम्लपित्त म्हणालं, कुणी टेन्शन म्हणालं, एका मोठ्या डॉक्टरांनी तर 'योगा करा, वजन उतरतंय ते चांगलंच आहे' असा सल्ला दिला. शेवटी निदान झालं सीलिएकचं, म्हणजे धान्यातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसण्याच्या आजाराचं. गहू, जव, राय बंद, आणि तेही जन्मभर. भाकरीवर माझं छान चालतं, पण डबीतल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. आता लग्नकार्यात आत्या 'एक पुरी खाल्लीस तर काय मरतेस का' म्हणतात. हॉटेलात वेटर म्हणतो, 'मॅडम, ग्लुटेन-बिटेन आम्ही काही टाकत नाही, फक्त मैदा.' बाहेर खाणं मी सोडूनच दिलं.

गंमत अशी की या आजारासाठी देश निवडायचा असता तर मी पेरूच निवडला असता. बटाटा, रताळं, मका, किन्वा, युका म्हणजे कसावाचा कंद, कशातच ग्लुटेन नाही. गहू आणि जव तिथे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आले. पण आले ते नको तिथे घुसले. वांकाइना दाट करायला सोडा बिस्किटं, आही दे गायिना या कोंबडीच्या दाट रश्श्यात पाव, थंडीत गाडीवर मिळणाऱ्या एमोलिएन्ते या गरम काढ्यात जव. 1849 पासून चिनी मजूर आले, त्यांच्या स्वयंपाकातून सियाओ आला, म्हणजे सोया सॉस. त्यातही गहू. लोमो साल्तादो, म्हणजे कढईत परतलेलं गोमांस, आणि चाउफा हा परतलेला भात त्याच्याशिवाय होत नाहीत.

यावेळी मी लिमाला परत आले ती हे सगळं पाठ करून. तिथल्या मिराफ्लोरेस भागातल्या एका चकचकीत ठिकाणी मेन्यूवर गव्हाच्या ओंबीवर काट मारलेलं चित्र होतं. वेटरने छातीवर हात ठेवून सांगितलं, निर्धास्त खा. ती रात्र आणि पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. फोन केला तर उत्तर आलं, 'आमच्याकडे असं होऊच शकत नाही.' म्हणजे झालं ते माझ्या पोटालाच समजलं नसावं.

तुमच्याकडे मी जेवायला आलेच नव्हते. बाजारात लुकुमा आणि चिरिमोया ही फळं घेतली, तहान लागली, म्हणून चिचा मोरादा मागितला. तुम्ही विचारलंत, जेवायचं नाही का? मी माझी यादी वाचून दाखवली. बिस्किटं नकोत, पाव नको, सियाओ नको. तुम्ही हात पुसत ऐकलंत, क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, 'आणि ब्लेंडर? त्यात मी सकाळी बिस्किटं वाटलीत.'

सेन्योरा, या प्रश्नासाठी हे पत्र आहे.

ग्लुटेनमुक्त म्हणायची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. ब्लेंडरच्या पात्याखाली अडकलेला चुरा मला पुरतो. हे मी एरवी ओरडून सांगते आणि लोक मान डोलावतात. पण आजवर माझ्या यादीच्या पुढचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, ना डॉक्टरने, ना सख्ख्या नातेवाईकाने. तुम्ही तर या आजाराचं नावही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलंत.

मग तुम्ही मागून बातान, म्हणजे तुमचा दगडी पाटा, ओढून काढलात, उकळत्या पाण्याने धुतलात आणि मिरची, चीज, दूध त्यावर वाटलंत. दाटपणासाठी बिस्किटाऐवजी उकडलेला पिवळा बटाटा. रस थोडा भरड झाला होता, आणि मला तो पूर्वीपेक्षा जास्त आवडला. पहिल्या घासाला ती मिरची आधी फळासारखी गोडसर लागली, मग तिखट चढली. डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळेच, असं मी तुमच्या पुतणीला सांगितलं.

लोमो साल्तादो मात्र तुम्ही दिला नाहीत. 'कढई सियाओत मुरलेली आहे, आज नाही,' म्हणालात. या नकाराचेही आभार. हो म्हणणारे मला खूप भेटलेत. गिऱ्हाईक हातचं जाईल तरी नाही म्हणणारा माणूस चारचौघांत उठून दिसत नाही, पाटीवर ओंबीचं चित्र काढत नाही, त्याला कुणी पुरस्कारही देत नाही. लिमाच्या नामांकित रेस्तराँवर जगभर लिहून येतं, येऊ दे, तिथले शेफ मोठेच आहेत. माझ्यापुरता लिमाचा स्वयंपाक तुमच्या चार टेबलांवर आहे. पैसेही तुम्ही रोजच्या जेवणाचेच घेतलेत, वेगळ्या खटाटोपाचा एक सोल नाही.

आता पिकारोनेसचं, त्या तळलेल्या गोड कड्यांचं, काय ते बघा. भोपळा आणि रताळं ठीक, वरचा चांकाकाच्या गुळाचा पाक तर आमच्या घरचाच, पण कणीक फुगायला मैदा लागतो. तुम्ही म्हणालात युकाचं पीठ घालून बघते. कढई नवी लागेल, तीही मी पुढच्या खेपेला आणते. तळण फसलं तर फसलेलंच खाऊ.

तुमची,
पुण्याची ती यादीवाली बाई