सोन्याच्या वहीसाठी, कोपरीच्या ताईंना

ताई, नमस्कार.

मधुमेही बोका दत्तक द्यायचा आहे म्हटलं की लोक ‘बिचारा’ म्हणतात आणि फोन ठेवतात. तुम्ही विचारलंत, ‘इंजेक्शनच्या वेळा काय?’ वाशीहून ऑफिस सुटल्यावर ठाण्याला पोचायला किती वाजतात याचा हिशेब करून सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात ठरवलंत, आणि पहिल्याच दिवशी वही घातलीत. सोन्या आता मागच्या टाचा न टेकता नीट पंजांवर चालतो, त्यात औषधाइतकाच त्या वहीचा वाटा आहे. म्हणून हे जाहीर आभार, वहीतल्या तपशिलांसकट. असं मांजर घरी न्यावं की नाही या विचारात जे आहेत त्यांना रोज नेमकं काय करावं लागतं ते यातून कळेल.

सर्वांत मोठे आभार सिरिंजच्या पानासाठी. सोन्याचं ग्लार्जिन, म्हणजे त्याचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन, एका मिलिलिटरमध्ये 100 युनिटचं. आपल्याकडे माणसांसाठी 40 युनिटच्या बाटल्याही विकल्या जातात, त्यामुळे मेडिकलमध्ये नुसतं ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं तर लाल टोपीची, म्हणजे 40ची सिरिंज हातात पडू शकते. तिच्यात एका युनिटच्या रेघेपर्यंत ग्लार्जिन भरलं तर अंगात अडीच युनिट जातात. पाच किलोच्या, एका युनिटवर असलेल्या जिवाच्या हे प्राणावर बेतू शकतं. तुम्ही वहीत 100च्या सिरिंजची नारिंगी टोपीच चिकटवून ठेवलीत आणि मेडिकलमध्ये जाताना ते पान दाखवता. शिवाय 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघांची सिरिंज चिकाटीने शोधलीत. डॉक्टर डोस अर्ध्या युनिटने कमी-जास्त करतात, आणि 1 मिलीच्या सिरिंजवर अर्धा युनिट डोळ्यांना धड दिसतही नाही.

बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं तसंच, काम मात्र करत नाही.

सुईच्या आधी खाणं, हा तुमचा नियम आम्ही आता प्रत्येकाला सांगतो. सोन्या वाटीत तोंड घालून खायला लागला की मगच कुशीवरची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि सुई तंबूच्या पायथ्याशी घालायची. सकाळी उजवी कूस, संध्याकाळी डावी. वहीत ‘उ’ आणि ‘डा’. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथली कातडी जाड होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. कधी सुई तंबूच्या आरपार जाते, केस ओले लागतात, औषधाचा वास येतो. किती आत गेलं आणि किती बाहेर, ते कळायला मार्ग नसतो. अशा दोन्ही वेळा तुम्ही वहीत ‘केसांवर गेलं, पुन्हा दिलं नाही’ असं लिहिलंय. अगदी बरोबर केलंत. एक डोस हुकला तर साखर बारा तास चढी राहील. दोनदा गेला तर फिट येऊ शकते.

रविवारची पानं तर पुन्हा पुन्हा वाचावीत अशी. दर दोन तासांनी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कानाच्या कडेच्या शिरेजवळून रक्ताचा एक थेंब. कान आधी कोमट फडक्याने शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आपल्या बोटात जात नाही. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते, म्हणून घरचा आकडा जास्त भरवशाचा. डॉक्टरही मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज घ्यायला फ्रुक्टोसामिनची तपासणी वेगळी करतात. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, तेव्हा मधेच यंत्र बदललं तर आधीच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. जुलैतल्या दमट हवेत पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या बिघडतात, हेही तुमच्या समासात लिहिलेलं आहे.

आणि घाई केली नाहीत, याबद्दल विशेष आभार. सकाळी 320 दिसलं की डोस वाढवावासा वाटतो. पण तुमच्या तक्त्यात दुपारी दीडला तोच आकडा 95 होता. सकाळचा आकडा बघून वाढवलं असतं तर दुपारी, तुम्ही ऑफिसात असताना, तो 60च्या खाली गेला असता. ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला काही दिवस लागतात. आठवडाभर तोच डोस ठेवून, तक्ता डॉक्टरांना दाखवून, मगच बदल.

खाण्यात दूध-पोळी आणि दूध-भात पहिल्या दिवशीच बंद केलंत. कोरडे दाणे मात्र एकदम बंद केले नाहीत, आणि त्याला कारण आहे. त्यांत पिष्ट भरपूर असतं. ते काढून कमी पिष्टाचं ओलं खाणं सुरू केलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर कोसळते. दहा दिवसांत थोडं थोडं बदललंत, त्या दिवसांत रोज साखर मोजलीत. ग्रेव्हीच्या पाकिटांपेक्षा घट्ट लगद्याचे डबे बरे, कारण ग्रेव्ही दाट करायला बहुतेकदा पिष्टच वापरतात. नुसतं उकडलेलं चिकन पोटभर झालं तरी त्यात कॅल्शियम पुरत नाही, शिजवून पाणी ओतून दिलं तर टॉरिनही, म्हणजे मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं एक पोषक द्रव्य, कमी पडतं.

पाण्याचा आणि वजनाचा रकाना साधा, पण धोका तिथे आधी दिसतो. निरोगी मांजर किलोमागे दिवसाला साधारण 50 मिलीच्या आत पितं, 100च्या वर गेलं की काहीतरी बिनसलंय. पाणी वाढलं, वजन घटलं, मातीच्या ट्रेला मुंग्या लागल्या, तर लघवीतून साखर जाते आहे. खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला, तर लघवीची पट्टी लावून कीटोन, म्हणजे साखरेऐवजी चरबी जळताना तयार होणारे घातक पदार्थ, बघायचे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

फ्रिजवरचा कागद आम्ही जसाच्या तसा उतरवून घेतला आहे: ‘60च्या खाली, किंवा झोकांडी, थरथर, फिट: ग्लुकोज पावडरचा घट्ट लेप किंवा मध हिरड्यांना चोळा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाईल. सावरला की खायला द्या. सावरला तरी डॉक्टर, कारण इन्सुलिन अजून अंगात आहे.’ त्याखाली लाल शाईत: ‘खाज, सूज, काहीही असो, नव्या डॉक्टरांना आधी सांगा, मधुमेह आहे. स्टेरॉइड नको.’ महिनाभर पुरणाऱ्या स्टेरॉइडच्या एका इंजेक्शनने कितीतरी महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

वापरलेल्या सुया फिनेलच्या जाड बाटलीत साठवून दवाखान्यात नेऊन देता, त्याबद्दल घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या वतीनेही आभार.

सोन्या आता अर्ध्या युनिटवर आला आहे. सुरुवातीच्या महिन्यांत साखर आटोक्यात आली तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. त्याचं सुटलं तरी पाणी, वजन आणि अधूनमधून कानाचा थेंब चालूच ठेवावा लागेल. मधुमेह परत येऊ शकतो.

गणपतीला तुम्ही सात दिवस गावी जाणार, त्या दिवसांची पानं आम्ही भरू. निघायच्या आदल्या दिवशी सकाळचं इंजेक्शन तुम्ही आमच्यासमोर द्या, संध्याकाळचं आम्ही तुमच्यासमोर देतो. दोघींकडून चुकून दोनदा जाऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ एकीनेच यायचं ठरवलंय. डोस दिल्यावर लगेच वहीत सही. सही नसेल आणि आठवत नसेल, तर सुई तशीच ठेवून आधी तुम्हाला फोन.

तुमच्या,
नौपाड्यात मांजरांना खाऊ घालणाऱ्या आम्ही सगळ्या