गाडी घेतलीये, पूर्ण वाचा मग फोन करा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा मधेच "सेकंड हँड? तेही इंपोर्टेड?" म्हणून सुरू झाले असते, म्हणून लिहितेय. फोक्सवॅगनची टी-रॉक घेतली, 2020 ची, पेट्रोल ऑटोमॅटिक. पैसे देऊन झालेत. रागावू नका, विलासकाकांच्या गाडीच्या वेळचं सगळं माझ्या डोक्यात होतं आणि म्हणूनच एवढं तपासलंय.

ही तेव्हा बाहेरून पूर्ण तयार होऊन यायची, म्हणून पहिला बघितला चॅसी नंबर. आपल्याकडच्या गाड्यांचा एम ने सुरू होतो, हिचा डब्ल्यू ने, आणि आरसीवरचा, काचेखालचा, बॉडीवरचा एकेका अक्षरावर बोट ठेवून जुळवला. एकच मालक. लोन फिटलेलं, तरी बँकेची एनओसी आणि आरसीवरची लोनची नोंद काढायचा फॉर्म 35 हातात येईपर्यंत टोकनच्या पुढे एक रुपया सोडला नाही, चलनंही त्यांच्याकडूनच भरून घेतली. किलोमीटर मागे फिरवतात ना बाबा, त्यासाठी जुन्या सर्व्हिसची सगळी रीडिंग काढली, बरोबर चढत गेलीयेत.

खरी भीती पाण्याची. आपल्याकडे पावसात पार्किंग भरतं आणि मग धुऊनपुसून त्याच गाड्या विकायला निघतात. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, आतल्या टोकाला चिखलाची रेघ नाही, कार्पेट उचलून सीटचे रूळ बघितले, गंज नाही. कुठे ठोकून पुन्हा रंगवलीय का बघायला रंगाची जाडी मोजायचं मशीन फिरवलं, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, फक्त मागचा डावा दरवाजा जास्त भरला. तो घासला गेला होता, विम्याच्या क्लेममध्येही तेवढंच लिहिलंय, पिलर सरळ आहेत. हिचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचवाला (क्लच तेलात बुडलेला नसतो), गर्दीत तापून झटके देऊ शकतो, म्हणून मुद्दाम ऐरोलीच्या ट्रॅफिकमध्ये रांगत नेली आणि मग घोडबंदरला गायमुखच्या चढावर. कुठे अडखळली नाही. आणि गरम इंजिनात दोष लपतात, म्हणून आधीच गरम करून ठेवू नका असं बजावून सकाळी थंड असतानाच स्टार्ट करायला लावलं.

बाबा, फियाटचं बॉनेट उघडून तुम्ही डिपस्टिक पुसायचात आणि मी दोन्ही हातांनी टॉर्च धरून उभी असायचे, हात हलला की "मने, उजेड इकडे" म्हणायचात. परवा मेकॅनिक ऑइल बघत होता तर माझा हात आपोआप मोबाईलच्या टॉर्चवर गेला.

आई, सीट तुझ्या गुडघ्यांना बरोब्बर आहे, खाली बसावं लागत नाही की वर चढावं लागत नाही. सहा एअरबॅग आहेत. पाठीमागे तुझी उशी कायमची राहील, एसी तुला हवा तेवढाच लावू, उलटीची गोळी मी आठवणीने देईन.

आता ऐका. चिपळूणहून इकडे येताना बाबांनी हायवेवर गाडी चालवायची नाही. तुम्ही आजही माझ्यापेक्षा चांगली चालवता, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत समोरच्या लाईटचा त्रास होतो हे तुम्हीच म्हणालात. वॅगनआर बाजारात जायला राहू दे, विकायचा विषय मी काढणार नाही. तपासणीला मी स्वतः न्यायला येईन आणि परत सोडेन, शिवशाहीचं बुकिंग असेल तर कॅन्सल करा. बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि आई, तू ती फाईल प्लास्टिकच्या पिशवीतून काढून ठेव, शुगरचा रिपोर्ट वर.

शनिवारी पहाटे वाशीहून निघतेय. जेवायला पोचेन, पण पुरणाचा घाट घालू नकोस, पिठलं चालेल.

तुमची
मनू