उसावरच्या अहवालाचे पैसे कोणी दिले? साखरमंत्र्यांना खुले पत्र

मा. साखरमंत्री, कर्नाटक राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी चिकोडी तालुक्यातला ऊस उत्पादक. २०२५ च्या नोव्हेंबरातलं गुर्लापूर क्रॉसचं ऊसदराचं आंदोलन आपण विसरला नसाल. टनाला ३,५०० रुपये मागितले, ३,३०० वर मिटलं. तो वाद आज उकरत नाही. माझा प्रश्न दर ठरायच्या आधी आपल्या टेबलावर येणाऱ्या कागदांबद्दल आहे.

उसाचा दर साखरेच्या भावाला बांधा, दोन कारखान्यांमध्ये सरळ रेषेत किमान अंतर (हवाई अंतर) ठेवायची अट काढा, असे सल्ले धोरण-संस्था देतात. सल्ला बरोबर असेल, चूकही असेल. पण त्या अभ्यासाचा खर्च कोणी उचलला, हे शेतकऱ्याला कळतं का?

साखरेचाच दाखला देतो. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेनं हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना सुमारे ६,५०० डॉलर दिले. १९६७ मध्ये त्यांचा लेख आला. हृदयविकाराचं खापर चरबीवर फुटलं, साखर नामानिराळी राहिली. पैसे कुठून आले याचा लेखात उल्लेख नव्हता. तेव्हा तशी सक्तीही नव्हती. जुनी पत्रं उजेडात यायला २०१६ साल उजाडलं.

पैसे घेतले म्हणजे अहवाल खोटा, असं मी म्हणत नाही. अभ्यास फुकट होत नाही, आणि सरकारी अनुदानावर चालणारी संस्थाही सरकारविरुद्ध लिहिताना दहादा विचार करते. माझी भीती वेगळी आहे. निष्कर्ष लिहून द्यायची देणगीदाराला गरजच पडत नाही, विषय ठरवला की पुरतं. इथेनॉलच्या फायद्यावर अभ्यास करायला पैसे मिळतील. काटामारीवर, रखडलेल्या बिलांवर, तोडणी-वाहतुकीच्या कपातीवर कोणता कारखानदार देणार? (सभागृहात कारखानदार किती बसतात, ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे.)

ठरवलं तर अशा पैशापुढे ठाम राहता येतं. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं २०१७ मध्ये ‘धूरमुक्त जगा’साठी निघालेल्या फाउंडेशनला वर्षाला सुमारे ८ कोटी डॉलर कबूल केले. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या संस्थेशी भागीदारी करायला साफ नकार दिला. आमच्या निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात ही गोष्ट जरूर सांगावी अशी आहे.

आपल्याला तर नवा कायदाही नको. महत्त्वाचं धोरण आखताना संबंधित माहिती स्वतःहून जाहीर करा, असं २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतंच. ऊस, इथेनॉल, तंबाखूवरचा बाहेरचा कोणताही अहवाल खात्यानं घेताना संस्थेकडून मागच्या ३ वर्षांतल्या देणगीदारांची यादी लेखी घ्या आणि अहवालासोबतच प्रसिद्ध करा. यादी न देणाऱ्याचा अहवाल परत पाठवा.

आणखी एक. हे अहवाल बहुधा इंग्रजीत असतात. आम्ही इथे कन्नड-मराठीवरून भांडतो आणि आमच्या उसाचं भवितव्य तिसऱ्याच भाषेत ठरतं. निदान सारांश दोन्ही भाषांत द्या.

येत्या हिवाळी अधिवेशनात, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये, यावर उत्तर द्यावं ही विनंती. कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल, आम्हाला कळतं.

आपला,
एक ऊस उत्पादक, चिकोडी तालुका