अंध पात्र लिहिताय? छापायच्या आधी दाखवा की!

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवणं सुरू झालंय म्हणून आत्ताच लिहितोय, एकदा अंक छापला की बोलून काय उपयोग. मी जन्मापासून अंध, बँकेत नोकरीला आणि वाचनाचं भयंकर वेड. आपल्या कथांमधला अंध माणूस एकतर गातो, नाहीतर हिरॉइनच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून ती किती सुंदर आहे ते सांगतो. अहो असं कोण करतं? मी माणसं आवाजावरून ओळखतो, ऑफिसातले तर चपलांच्या आवाजावरून सुद्धा कळतात. आणि माझ्या मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, इतक्या स्पीडने बोलतो की शेजारच्याला वाटतं फोन बिघडलाय, हे मात्र कुठल्याच कथेत येत नाही.

ऑपरेशनचा सीन असला की लेखक ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतात, पोलीस स्टेशन असेल तर पीएसआय शोधतात. मग अंध, कर्णबधिर, तृतीयपंथी पात्र असेल तेव्हाच कल्पनेवर का भागवायचं? छापायच्या आधी कथा त्यांच्यातल्याच कोणाला वाचायला द्या की. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1952 मध्ये गेला, पण मालिकेतला पारधी अजून चोरच असतो. परदेशात बरेच प्रकाशक सेन्सिटिव्हिटी रीडर, म्हणजे असं चित्रण खरं उतरलंय का ते छापण्याआधी तपासणारा वाचक, नेमतात, पैसे देऊन. आपल्या सुप्रीम कोर्टानेही जुलै 2024 मध्ये एका सिनेमाच्या केसमध्ये सांगितलं की अपंग पात्रं दाखवताना अपंगांनाच सोबत घ्या. तो निकाल सिनेमा वगैरेंबद्दलचा आहे, पण कथेला तेच लागू करायला कोणी अडवलंय का.

लगेच 'सेन्सॉरशिप' म्हणून ओरडू नका, शेवटचा शब्द लेखकाचाच. लबाड, पैसेखाऊ अंध माणूस रंगवा की, मला तर असला व्हिलन वाचायला मजा येईल!

फक्त एकाला दाखवून भागत नाही हं. मी रंग कधी बघितलेलेच नाहीत, चाळिशीत नजर गेलेल्याला सगळे आठवतात, दोघांची स्वप्नंसुद्धा वेगळी. आणि 'कशी वाटली कथा?' एवढंच विचारलं तर आम्ही पण 'छान' म्हणून मोकळे होणार. त्यापेक्षा विचारा, हा माणूस एकटा एसटी कशी पकडेल, नोटा कशा ओळखेल, कोणी न विचारता दंड धरून रस्ता ओलांडून दिला तर मनात काय म्हणेल (ते छापता येणार नाही बहुतेक). ओळखीत कोणी नसेल तर नॅबच्या (अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था) शाखेत जाऊन विचारा, वाचणारे पुष्कळ भेटतील.

अजून एक, एका अंकाच्या संपादकांनी मला कौतुकाने कथा वाचायला पाठवली, ती श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली. स्क्रीन रीडर त्याचं काय वाचतो ते एकदा ऐकाच, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. स्कॅन केलेल्या पीडीएफची पण तीच रड. तेव्हा युनिकोडमधली वर्ड फाईल पाठवा, निदान पंधरा दिवस द्या, आणि मुद्रितशोधकाला देता तसं मानधन द्या, चहावर बोळवण नको. तुमच्याही दिवाळी अंकात अंध पात्राची कथा येणार असेल तर कळवा, ऑगस्टपर्यंत मला वेळ आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक