बाई, तुम्ही दिलेला बर्फाचा आवाज

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

पुण्यात मे महिन्याच्या उकाड्यात तुम्ही आम्हाला जर्मन हिवाळा शिकवत होतात. फळ्यावर ‘क्निर्शन’ लिहिलेलं आणि अर्थ कुणालाच लागत नव्हता. तुम्ही पर्समधून कॉर्नफ्लोअरची पिशवी काढलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “कानाजवळ धर आणि दाब.” पीठ बोटांत करकरलं. “ताज्या बर्फावर पाय पडला की असं वाजतं. देअर श्ने क्निर्श्ट.”

आता मी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये, टिटिझे तलावाजवळच्या एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे. १४९३ मीटर उंचीचं फेल्डबर्ग शिखर इथून जवळच. माझ्याकडे एक आजोबा आहेत, जन्मभर जंगलात काम केलेले, आता नजर गेलेली. सकाळी पडदा सरकवला की विचारतात, बाहेर कसं दिसतंय? पहिल्यांदा मी नुसतं “एस श्नाइट” म्हटलं, बर्फ पडतोय. ते पुढचं ऐकायला थांबून राहिले.

तेव्हा तुमची वही उघडली. आपण फ्रीजमधल्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडतो त्यालाही. तुम्ही ‘आइस’ आणि ‘श्ने’ वेगळे करून दिलेत, आणि बर्फ काय काय करतो तेही बघायला शिकवलंत. रान ‘फरश्नाइट’, म्हणजे बर्फाखाली गेलेलं. तलाव ‘त्सूगेफ्रोरन’, म्हणजे गोठून वरून बंद झालेला. आणि ‘देअर श्ने ब्लाइब्ट लीगन’, पडलेला बर्फ वितळला नाही, टिकलाय. हे वाक्य इथे हिवाळाभर कानावर पडतं.

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचा फोटोही आठवतो. हे गोठलेलं दव, राइफ नव्हे, असं तुम्ही बजावलं होतंत. राइफमध्ये हवेतली वाफ पाणी न होताच बर्फ होते. फांद्यांना पांढऱ्या सुया फुटलेल्या पाहिल्या तेव्हा ‘राउराइफ’ हा शब्द आपसूक तोंडात आला.

पण सगळ्यात जपलाय तो ‘क्लिरेंडे केल्टे’. काच किणकिणावी तशी थंडी. वर्गात तुम्ही म्हणाला होतात, “आपलीही थंडी कडाक्याचीच असते की, तिलाही आवाज आहे.” तेव्हापासून तो शब्द मला परका वाटलाच नाही.

परवा पारा उणे १२ वर होता. मी आजोबांना सांगितलं, झाडं फरश्नाइट, फांद्यांवर राउराइफ, क्लिरेंडे केल्टे. त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, “क्निर्श्ट एर?” करकरतोय का?

त्यांची खोली तळमजल्यावर आहे. मी त्यांना दुलईत नीट गुंडाळलं, खिडकी जराशी उघडली, बूट चढवले आणि अंगणात जाऊन दहा पावलं सावकाश चालले. वळून पाहिलं, तर उशीवरून मान उचलून ते खिडकीकडे कान देऊन ऐकत होते.

बाई, मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी