आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत आपला स्विमिंग टँक सुरू करायचाय, हात लावा

नमस्कार मंडळी,

गावात राहणाऱ्या आणि गाव सोडून सुरत, पुणे, नाशिक, कल्याणकडे गेलेल्या सगळ्या दादा-ताई, काका-मावशींना क्रीडा संकुलाच्या नागरिक समितीकडून हे आवाहन. थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा, पैसे मागतोय तर ते कशाला हे नीट सांगायलाच पाहिजे.

आपला स्विमिंग टँक बंद पडलाय हे सगळ्यांना माहितीये. गेटला कुलूप, खोल बाजूला हिरवं पाणी, त्यात बाटल्या, आणि उथळ बाजूच्या टाइल्स उखडून अशा धारदार कडा निघाल्यात की शेवटच्या सीझनला कितीतरी पोरांच्या टाचा कापल्या. शेजारच्या हॉलचा पत्रा गळतो, बॅडमिंटन कोर्टाची लाकडी फळी फुगून वर आलीये. व्यायामशाळेत मात्र अजूनही पहाटे पोरं येतात, त्याच जुन्या डंबेल्सवर घाम गाळतात, पोलीस भरतीची तयारी करतात. म्हणजे जागा अजून जिवंत आहे, लोकांना ती हवीये.

खान्देशचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला काय सांगायचं. एप्रिलमध्येच पारा ४२-४३ ला टेकतो, मे मध्ये जळगाव-भुसावळकडे ४५ च्या वर जातो आणि नेमक्या तेव्हाच शाळांना सुट्ट्या. पोरं पाण्यात जाणारच, रागवा, मारा, कोंडून ठेवा, तरी जाणार. फक्त कुठल्या पाण्यात जाणार तेवढं आपल्या हातात आहे.

आधी विहिरी होत्या, पायऱ्यांच्या, पाणी वरपर्यंत, पाठीला रिकामा डबा बांधून काका-मामा पोराला ढकलून द्यायचे आणि स्वतः आत पाण्यात थांबायचे. पन्नाशीच्या पुढचे आपल्यातले बहुतेक असेच शिकलेत. आता त्या विहिरींना उन्हाळ्यात तळ दिसतो आणि काका-मामांनाही वेळ नाही. मग पोरं जातात कुठे? गिरणेला आवर्तन म्हणजे धरणाचं पाणी सुटलं की नदीत. वाळू उपसून उपसून पात्रात जागोजागी खड्डे पडलेत, वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्याच पावलाला डोक्यावरून जातं. नाहीतर कालव्यात, तिथे सिमेंटच्या उतारावर शेवाळ आणि पाण्याला ओढ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेततळं. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे योजना आली तशी शिवारात शेततळी वाढली, शेतीला त्याचा फायदा झाला, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण आत अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही आणि हातही ठरत नाही. चांगलं पोहता येणारा मोठा माणूससुद्धा तिथून वर येऊ शकत नाही, कडेला हात लागतो, घसरतो, परत लागतो, परत घसरतो, शेवटी दमतो. ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांना आमची सगळ्यात पहिली विनंती हीच, पैशाच्याही आधी: चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा, एखादी हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवा, आणि कुंपण नसेल तर करून घ्या. आजच करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात साधारण ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली निम्म्याच्या आसपास तिशीच्या आतली. त्यांनी जे उपाय सांगितलेत त्यात शाळकरी मुलांना पोहायला शिकवा हा एक आहे. आपल्या गावातून मोठे खेळाडू निघावेत असं आम्हालाही वाटतं, कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या एशियन गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ आणलं, मग खान्देशातून का नको? पण त्याच्या आधी पाचवी ते आठवीतल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला २५ मीटर पोहता यावं आणि दमल्यावर पाठीवर पडून तरंगता यावं, एवढं झालं तरी आम्ही भरून पावलो.

आता टँकला नेमकं झालंय काय ते सांगतो. पाणी रोज उतरायचं आणि सगळे म्हणायचे ऊन आहे, वाफ होतेय. समितीने साधी बादलीची टेस्ट केली. टँकच्या वरच्या पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवायची, बादलीतलं पाणी आणि बाहेरचं टँकचं पाणी एका लेव्हलला, दोन्हीकडे मार्करने खूण, पंप बंद. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघायचं. ऊन दोघांना सारखंच लागतं, त्यामुळे वाफ जेवढी बादलीतून तेवढीच टँकमधून. बादलीत पाणी खुणेच्या जरासं खाली होतं आणि टँकचं चांगलं चार बोटं खाली! म्हणजे वाफ थोडी, बाकी सगळी गळती. आपला टँक २५ बाय साडेबारा मीटरचा आहे, त्यात एक सेंटिमीटर पाणी उतरलं की ३ हजार लिटरच्या वर पाणी गेलं, आता चार बोटांचा हिशोब तुम्हीच करा. पुढे रंगाचं पाणी सोडून बघितलं तर तळाच्या जाळीपाशी आणि जुन्या लोखंडी पाइपच्या जोडावर रंग आत ओढला जाताना डोळ्यांनी दिसला. त्यामुळे वरवर टाइल्स बसवून, निळा रंग मारून उद्घाटन करण्यात काही अर्थ नाही. पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं, फिल्टरमधली दगड झालेली वाळू काढून नवीन भरायची, पंपरूमचं वायरिंग अर्थिंगसकट नवीन करायचं, मग टाइल्स.

आणि एक निर्णय घेतलाय ज्याच्यावर जुनी मंडळी नाराज आहेत. खोल बाजू भरून घ्यायची. आत्ता टँक एका बाजूला १ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ३ मीटर आहे, नवीन करताना तो ०.९ पासून दीड मीटरपर्यंतच ठेवायचा. म्हणजे डायव्हिंग बोर्ड जाणार. त्या बोर्डावरून पहिली उडी मारलेले कितीतरी जण आज आजोबा झालेत, त्यांना वाईट वाटणं साहजिक आहे, आम्हालाही वाटतं. पण आजच्या नियमांप्रमाणे १ मीटरच्या बोर्डाखालीसुद्धा ३ मीटरपेक्षा जास्त पाणी लागतं, ते आपल्याकडे कधीच नव्हतं. आणि शिकणारं पोरगं घाबरलं की त्याचे पाय तळाला टेकले पाहिजेत. शिवाय सरळ उताराने मोजलं तर आधी टँकला साधारण सव्वासहा लाख लिटर पाणी लागायचं, आता पावणेचार लाखात भागेल.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्टच बोलू. चौकात एका आजोबांनी तोंडावर विचारलं, "आठे पेवाले पानी नई भो, अन् तुमले टँक जोयजे?" (इथे प्यायला पाणी नाही, आणि तुम्हाला टँक पाहिजे?) त्यांचा राग बरोबर आहे. ज्या गावात नळाला पाणी यायची वाट बघत ड्रम भरून ठेवावे लागतात तिथे हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. म्हणून सांगतो, टँकचं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी फिल्टरमधून फिरतं, क्लोरीन आणि पीएच (पाण्याची आम्लता) रोज तपासून राखायचा असतो, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच ७.२ ते ७.८, आणि हे आकडे रोज गेटवरच्या फळ्यावर लिहिले जातील म्हणजे कोणीही बघू शकेल. एकदा भरल्यावर लागतं ते वाफेचं, पोरांच्या अंगाबरोबर बाहेर जाणारं आणि फिल्टर धुण्याचं. रात्री वर कव्हर टाकलं की वाफ बरीच कमी होते. फिल्टर धुतलेलं पाणी दोन दिवस उघड्यावर ठेवून क्लोरीन उडालं की संकुलातल्या कडुनिंबांना जाईल. हॉलचा पत्रा बदलतोच आहोत तर त्याचं पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं, आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर दर १०० चौरस मीटर पत्र्यावर ७० हजार लिटर पडतं, वाया गेलेलं सोडून ५० हजार तरी हाताशी येईल. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला टँकचं कनेक्शन असणार नाही आणि टंचाई जाहीर झाली तर टँक भरला जाणार नाही, हे समितीने लेखी दिलंय.

ताई-मावशींसाठी. आत्तापर्यंत बायका टँकवर का येत नव्हत्या हे आम्ही घरोघर विचारलं. उत्तरं सारखीच: कपडे बदलायच्या खोलीला वरून छत नाही, दाराची कडी तुटलेली, शिकवायला बाई नाही, रस्त्यावरून सगळं दिसतं. म्हणून चेंजिंग रूमचं काम पाइपांच्या बरोबरीनेच होणार, शेवटी पैसे उरले तर बघू असं नाही. भिंत उंच होणार, सकाळी आणि संध्याकाळी एक-एक बॅच फक्त महिलांची, त्या वेळेला शिकवणारी आणि लाइफगार्ड दोघी बायकाच. पूर्ण अंगभर कॉश्च्युम चालेल, फक्त नायलॉनचा हवा, सुती कपडा पाणी धरून जड होतो. उतरायला रॅम्पही होईल, दिव्यांग मंडळींसाठी आणि गुडघे धरलेल्या आजी-आजोबांसाठी. आपल्या महाराष्ट्राच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या पॅरालिम्पिकला सुवर्णपदक आणलं ते पोहण्यातच, आणि अजून आपल्याकडे व्हीलचेअर टँकच्या काठापर्यंतही जात नाही, हे बदलायचंय.

पैशाचं असं आहे. पाइप, वॉटरप्रूफिंग, पत्रा अशा मोठ्या कामांचा प्रस्ताव पालिकेमार्फत जिल्हा नियोजन समितीकडे गेलाय. त्यात जे बसत नाही ते आपण लोकवर्गणीतून करायचं: चेंजिंग रूम, रॅम्प, फिल्टरची वाळू, रात्रीचं कव्हर, लाइफगार्डचं सामान आणि गरीब घरातल्या पोरांची पहिल्या वर्षाची फी. आमची अपेक्षा एका घरामागे ५०० रुपये, जमत नसेल तर ५० द्या, जमत असेल तर ५० हजार द्या, पावती तिघांनाही सारखीच मिळेल. पावतीशिवाय कोणाच्याही हातात रुपया देऊ नका, अगदी आमच्यातल्याही. आयकराच्या ८०जी ची नोंदणी झालेली नाही त्यामुळे टॅक्समध्ये सूट आत्ता मिळणार नाही, नंतर मिळेल म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आलेला प्रत्येक रुपया आणि प्रत्येक बिल संकुलाच्या बोर्डावर लागणार. आणि संकुल पालिकेचंच राहणार, कोणा ठेकेदाराच्या क्लबला वर्षानुवर्षांच्या कराराने जाणार नाही, तसा ठराव व्हावा म्हणून सह्यांचा अर्ज ऑफिसात ठेवलाय, पैसे नसतील तरी सही द्या.

पैशाइतकीच माणसं हवीत. प्लंबर, वायरमन, फरशी बसवणारे मिस्त्री, आठवड्यातला एखादा दिवस दिला तरी फार मोठं काम होईल. नर्स आणि डॉक्टर मंडळींनी पोरांना आणि पालकांना सीपीआर (तोंडाने श्वास देणं, छाती दाबणं) शिकवावं, कारण अजूनही आपल्याकडे बुडालेल्याला उलटं करून पोट दाबतात, त्यात मोलाची मिनिटं जातात, आधी श्वास द्यायला हवा. आणि पोहता येत नसताना वाचवायला उडी मारून दोघंही गेले असं आपण सगळ्यांनी ऐकलंय, दोर फेका, बांबू द्या, साडी फेका, रिकामा कॅन फेका, हे प्रत्येक शाळेत जाऊन सांगणारे कार्यकर्ते हवेत. सुरतला, उधना-लिंबायतला असलेल्या आपल्या मंडळींनी तिथल्या तिथे वर्गणी गोळा केली तर पावतीपुस्तक पाठवू.

येत्या रविवारी संकुलाच्या मैदानावर भरीत पार्टी ठेवलीये. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजणार, सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. वांगी आणि तेल गावातल्याच शेतकरी आणि दुकानदारांनी दिलंय, त्यामुळे ताटामागे जे पैसे येतील ते सगळे चेंजिंग रूमला. जेवण संध्याकाळी ६ पासून, पण त्याच दिवशी सकाळी ७ वाजता टँकमधला गाळ काढायचाय, ज्यांना जमेल त्यांनी फावडं, घमेलं आणि जाड तळाचे बूट घेऊन या, टाइल्स टोचतात, चप्पल चालणार नाही. लहान पोरांना सकाळी आणू नका, संध्याकाळी आणा. ताट-वाटी घरूनच आणायची, पत्रावळी नाहीत.